चिंचोके, परस आणि कांदा: गावासोबत मॉडेल करायला शिकवण्याच्या नोंदी

१२ जुलै २०२३

फायनल इयर सिव्हिलच्या इलेक्टिव्हला यावर्षी अठरा-वीस पोरं-पोरी आहेत. विषय शाश्वत नियोजन. आत्तापर्यंतच्या बॅचेसचे रिपोर्ट परत चाळले, सगळ्यांचा शेवट एकसारखाच: झाडं लावा, बंधारे बांधा, ठिबक करा, लोकांमध्ये जागृती करा. किती, कुठे, कुणाच्या वाट्याचं कमी करून, यातलं काहीच नाही, आणि मार्क मात्र आम्हीच दिलेत त्याला.

म्हणून यावेळी रिपोर्ट नाही. एका गावाचं पाण्याचं मॉडेल करायचं, म्हणजे पाणी कुठून येतं, कुठे जातं, कशाचा कशावर परिणाम होतो हे बाण आणि आकड्यांत मांडायचं, ते पण गावकऱ्यांसोबत बसून. अशी मॉडेलं करायची शाखा, सिस्टिम डायनॅमिक्स, एमआयटीत फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात सुरू केलं, पण लोकांना टेबलाभोवती बसवून त्यांच्याकडूनच मॉडेल काढून घ्यायचं हे नंतर आलं, नेदरलँड्समध्ये व्हेनिक्स वगैरे मंडळींनी त्याची पद्धत बसवली आणि फ्रेंच संशोधकांनी नव्वदच्या दशकापासून खेळ आणि कॉम्प्युटर मॉडेल एकत्र करून शेतकऱ्यांसोबत वापरलं. पोरांना हे एका स्लाइडमध्ये सांगून संपवणार. त्यापेक्षा हिवरे बाजारवर वेळ घालवला तर बरं, कारण तिथे वर्षानुवर्षं पावसाळा संपला की पाऊस किती पडला, पाणी किती मुरलं, आता रब्बीत काय लावायचं याचा हिशोब गावासमोर होतो. उसाला बंदी, शेतीसाठी बोअरला बंदी. म्हणजे ताळेबंद ही काय परदेशातून आणायची गोष्ट नाहीये.

गाव ठरलं, सिन्नरच्या पूर्व भागातलं. कॅनॉल नाही, कांदा आणि दूध. नाव इथे लिहीत नाही, गावानेच तसं सांगितलंय.

२२ जुलै

वर्गात खेळ घेतला. आंध्रमध्ये आयएफपीआरआय (अन्नधोरणावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) आणि फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटीने गावागावांत भूजलाचा खेळ खेळवला होता, त्यावरून आमचा साधा अवतार केला. पाच जणांचा गट, मध्ये वाटीत ५० चिंचोके म्हणजे जमिनीतलं पाणी, दर फेरीत पाऊस म्हणून १० टाकायचे. प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर पीक लिहायचं. हरभरा लावला तर १ चिंचोका उचलायचा आणि २ रुपये, कांदा लावला तर ३ चिंचोके आणि ५ रुपये.

सगळ्यांनी कांदा लावला तर दर फेरीला १५ जाणार आणि १० येणार, हे लहान पोराला पण कळेल. तरी चारपैकी तीन गटांची वाटी रिकामी झाली. मग बोलायची परवानगी दिली आणि परत खेळलो तर दोन गट टिकले, तिसऱ्यात एकाने 'हो हो हरभराच' म्हणून कांदा लिहिला आणि मग जो दंगा झाला तो पुढचा अर्धा तास आवरत नव्हता. तो दंगाच मला हवा होता. आंध्रातल्या गावांमध्ये खेळानंतर गावाची बैठक आणि चर्चा झाली, आणि जिथे हे सगळं झालं तिथे पाण्याची नोंदवही ठेवायचं आणि नियम करायचं प्रमाण जास्त दिसलं. नुसता खेळ खेळून घरी गेलं तर करमणूक होते, बस्स.

एका मुलीने विचारलं, मॅडम यात कांद्याचा भाव कायम ५ का धरलाय? म्हटलं वहीत लिहून ठेव, गावात विचारू.

वही म्हणजे गृहीतकांची वही. नियम असा की मॉडेलमध्ये जो जो आकडा किंवा बाण जाईल तो वहीत लिहायचा, कुणी सांगितला, कोण नाही म्हणालं आणि आपण काय धरलं. शंभरपैकी चाळीस मार्क या वहीला. सॉफ्टवेअरला दहा. एचओडींना पटलं नाहीये अजून.

५ ऑगस्ट

गावातली पहिली बैठक, मारुतीच्या देवळात. जायच्या आधी भूमिका वाटून दिल्या होत्या. अँडरसन आणि रिचर्डसन यांनी १९९५ मध्ये अशा बैठकांसाठी पाच भूमिका सांगितल्यात: एक जण चर्चा चालवणारा, एक मॉडेल मांडणारा, एक सगळं लिहून घेणारा, एक मागे बसून कोण गप्प आहे ते बघणारा, आणि एक तिथल्या माणसांपैकी, ज्याच्या शब्दावर बाकीचे येतात. आमचा पाचवा माणूस ग्रामपंचायतीचा एक सदस्य. त्याच्याशिवाय देवळात फक्त आम्ही आणि मारुती उरलो असतो.

पोरांनी घरून एक सुंदर आकृती करून आणलेली, रंगीत बाण वगैरे. ती पिशवीतून काढूच दिली नाही. तयार चित्र समोर ठेवलं की लोक 'बरोबर आहे, बरोबर आहे' म्हणतात आणि चहा पितात. कोऱ्या चार्टवर मध्ये एक विहीर काढली आणि विचारलं, यात पाणी कुठून येतं, कुठे जातं.

तासभर नुसतं हेच चाललं. मजा शेततळ्यावर आली. पोरांनी शेततळं पाऊस आणि विहीर यांच्या बाजूला, पाणी देणाऱ्यांच्या रांगेत काढलेलं. एक आजोबा म्हणाले, "आरं ते पावसानं कुठं भरतंय, ते विहिरीवरनंच भरतो ना आम्ही." प्लास्टिकचं शेततळं, पावसाळ्यात विहिरीला पाणी असतं तेव्हा मोटर लावून भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात वापरायचं. म्हणजे ते पाणी देणारं नाहीच, सगळ्यांच्या खालचं पाणी वर काढून एकाच्या नावावर ठेवणारं आहे. बाण उलटा फिरवला. आजोबा स्वतः शेततळेवालेच, त्यामुळे कुणाला राग येण्याचा प्रश्न आला नाही.

संध्याकाळी एसटीची वाट बघत एका पोराने गणित मांडलं. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं, एकास एक उतार धरून २१९६ घनमीटर. पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ७ मिमी जरी उडालं तरी रोजचे ६३०० लिटर, नव्वद दिवसांत साडेपाचशे घनमीटरच्या वर, म्हणजे चौथा हिस्सा आकाशात. पाणी उतरेल तसा पृष्ठभाग कमी होतो म्हणून आकडा थोडा जास्तच धरलाय, ते पण त्याने वहीत लिहिलं. माझ्या मते या पोराचा कोर्स आजच वसूल झाला.

२१ ऑगस्ट

शनिवारी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, आज नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद. गावातून फोन आला, या आठवड्यात येऊ नका, डोकं ठिकाणावर नाही. कांदाचाळीत उन्हाळ कांदा पडून आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव मातीत गेला होता, सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, आणि आता कुठे दोन पैसे दिसायला लागले तर हे.

वर्गात त्या मुलीने भाव ५ का धरला तो प्रश्न परत काढला. पोरांनी पहिल्यांदा पाण्याच्या बाहेरचा बाण काढला: मागच्या हंगामाचा भाव ते या हंगामाचं क्षेत्र. एक वर्ष उशिराने जाणारा बाण. भाव चढला की सगळे लावतात, पुढच्या वर्षी पडतो. हे त्यांना अर्थशास्त्राच्या पेपरला आलेलं, पण तिथे ते कोळ्याचं जाळं नावाचा ग्राफ होता.

३ सप्टेंबर

नोंद थोडक्यात. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. गावात शाळेच्या पर्जन्यमापकात अख्ख्या महिन्यात नावालाच पाऊस. बाजरी वाळली.

१७ सप्टेंबर

पोळा झाल्यावर दुसरी बैठक. या बैठकीवर जरा सविस्तर लिहिते कारण शिकवायच्या दृष्टीने सगळ्यात जास्त माल इथे होता.

पोरांनी एक्सेलमध्ये हिशोब करून आणलेला. गावाचं क्षेत्र ९०० हेक्टर, सरासरी पाऊस ५०० मिमी धरला, म्हणजे ४५०० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर), त्यातलं १० टक्के मुरतं, ४५० टीसीएम. भूजल मोजण्याच्या सरकारी पद्धतीत बेसॉल्टसाठी मुरण्याचं प्रमाण खडकाप्रमाणे ७ ते १३ टक्के दिलेलं आहे, त्याच्या मधलं धरलं. आणि या खडकात पाणी साठायला जागा आकारमानाच्या साधारण २ टक्के. ९०० हेक्टरवर १ मीटर पाणी चढलं तर १८० टीसीएम. ४५० म्हणजे अडीच मीटर.

आमच्या पोराने मोठ्या ऐटीत सांगितलं, चांगल्या पावसाळ्यात तुमच्या विहिरींचं पाणी अडीच मीटर वाढतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, मीटर-बिटर नका सांगू, परस सांगा. परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं, पावणेदोन-दोन मीटर. हिशोब केला तर दीड परसपण भरत नव्हतं. "दीड? चांगल्या सालाला चार-पाच परस चढतंय हो." दुसऱ्याने पण तेच सांगितलं. तिसऱ्याने पण.

इथे पोरांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली, लोक अंदाजे बोलतात. मी काही बोलले नाही. मागे बसून बघायचं काम असलेल्या मुलीने मग विचारलं, तुमच्या विहिरी कुठे कुठे आहेत ते नकाशावर दाखवाल का? चिंचोके दिले ठेवायला. सगळे चिंचोके ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी एका पट्ट्यात पडले. माळावर एक पण नाही, तिथे वर खडकच आहे, विहीर लागत नाही. म्हणजे मुरलेलं पाणी ९०० हेक्टरवर सारखं पसरतच नाही, खाली सरकून त्या पट्ट्यात जमा होतं. पट्टा साधारण ३०० हेक्टर धरला तर १ मीटरला ६० टीसीएमच लागतात, आणि ४५० टीसीएमने पाणी साडेसात मीटर चढतं. चार परस.

तो आकडा आल्यावर जो आवाज झाला देवळात! ज्याने 'चार-पाच' सांगितलं होतं तो काका उठून एक्सेलच्या स्क्रीनपाशी आला आणि विचारायला लागला, आता यात अजून काय काय घालता येतंय.

मग आजोबा म्हणाले की पहिला दीडशे मिली तर जमीनच पिऊन टाकते, विहिरीला काय येत नाही. (मिमीला सगळे मिलीच म्हणतात.) मग सरसकट १० टक्के मुरतं हे गृहीतक काढून टाकलं. पहिले १५० मिमी सोडून उरलेल्याच्या १३ टक्के असं बसवलं, ५०० मिमीच्या सालात ४१० टीसीएम येतात, पावणेचार परस. गावाने मान्य केलं. १८९२ साली डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी याच दख्खनच्या भागातल्या नोंदींवरून वाहत्या पाण्याचं टेबल केलं ते अजून पाणलोटवाले वापरतात, त्यातही पाऊस वाढेल तशी टक्केवारी वाढते, हे पोरांनी पाठ केलेलं होतं. वापरलं मात्र आजोबांनी सांगितल्यावर.

सरकारी आकडे चुकीचे होते असं नाही, ७ ते १३ मध्येच आहोत अजून. पट्टा ३०० चा की ३५० चा हे पण नक्की नाही. पण आता हा आकडा कुणाचा आहे आणि का आहे हे वहीत आहे, आणि उद्या कुणी भांडलं तर कुठल्या ओळीवर भांडायचं ते माहीत आहे.

२४ सप्टेंबर

बायकांची बैठक वेगळी घेतली, अंगणवाडीत. देवळात त्या मागे बसून राहतात. इथे चिंचोके वाटायचा क्रम उलटा निघाला: आधी पिण्याचं, मग गाई, मग उरेल त्यात कांदा. २००० माणसं, माणशी ५५ लिटर, वर्षाचे ४० टीसीएम. सहाशे जनावरं, ७० लिटर, १५ टीसीएम. पोरांना वाटलं हे किती थोडं आहे, यात काय ठरवायचं. एक ताई म्हणाल्या, थोडं आहे म्हणून तर आधी काढून ठेवा म्हणते, मार्चला ते पण सापडत नाही. आणि डेअरीचा पगार दर दहा दिवसाला येतो, कांद्याचा कधी येईल ते कांद्यालाच माहीत. चाऱ्याचं पाणी पोरांच्या हिशोबात नव्हतंच, घास-मका वेगळा काढायला सांगितला.

८ ऑक्टोबर

ही बैठक मुद्दाम याच आठवड्यात. विद्यापीठाच्या कॅलेंडरप्रमाणे सादरीकरण नोव्हेंबरअखेर, पण उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकतात. एकदा बियाणं आणून उळं टाकलं की किती लावायचं ते ठरलंच, त्यानंतर ताळेबंद वाचून दाखवण्यात काही अर्थ नाही. हिवरे बाजारचा हिशोब पण म्हणून पावसाळा संपताच होतो.

शाळेच्या मापात यंदा एकूण २९० मिमी. दीडशे वजा, उरलेल्या १४० चे १३ टक्के, ९०० हेक्टरवर १६४ टीसीएम. पिण्याचं आणि जनावरांचं ५५ काढलं तर १०९. उन्हाळ कांद्याला हेक्टरी ६ टीसीएम धरले तर १८ हेक्टर, म्हणजे ४५ एकर. अख्ख्या गावाला. आणि हा चारा अजून धरलेला नाही.

हसले लोक. नेहमी अडीचशे एकराच्या वर असतो कांदा. मग एका मुलाने सरळ विचारलं, चांगल्या सालात पण आपल्या हिशोबाने १५० एकरच्या आतच बसतं, मग वरचे शंभर कुठून येतात? कुणी बोलेना. शेवटी एक तरुण शेतकरी म्हणाला, "बोअर. चारशे-पाचशे फूट. सगळ्यांच्या हायत, कागदावर कुणाच्याच नाय." सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घ्यायची नाही असा कायदा १९९३ पासून आहे, हे पोरांनी शोधून आणलेलं. गावाला पण माहीत होतं.

मॉडेलमध्ये बोअरची पेटी काढायची की नाही यावर वाद झाला. सदस्य म्हणाले नको. तरुण मंडळी म्हणाली काढा, नावं नका लिहू. काढली, आकडा न टाकता. माझ्या दृष्टीने ही रिकामी पेटी अख्ख्या आकृतीतली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे, पण मार्कांच्या तक्त्यात तिला मार्क कुठे द्यायचे कळत नाही.

नियम कुणी केला नाही. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकराचं पाणी ठरवलं होतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनांनाही वाटा, उसाला नाही. ते सांगितलं तर "ते नायगावचं, इथं कोण ऐकतंय" असं उत्तर. एवढं मात्र ठरलं की ओढ्याकाठच्या बारा विहिरींचं पाणी दर पंधरा दिवसांनी मोजून शाळेच्या भिंतीवर लिहायचं, परसमध्ये.

१ नोव्हेंबर

काल राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, सिन्नर आहे यादीत. तालुक्याच्या पश्चिमेला डोंगराकडे पाऊस बरा असतो, पूर्वेला कोरडं, पण घोषणा तालुक्याची. वर्गात हद्दीवर एक तास गेला: तालुका, मंडळ, गाव, पाणलोट, विहिरींचा पट्टा. ज्या प्रश्नासाठी मॉडेल, त्याप्रमाणे हद्द. यापलीकडे थिअरी नाही शिकवली.

२८ नोव्हेंबर

रविवारी अवकाळी आणि गारा, नाशिक-नगरकडे द्राक्षं आणि कांदा झोडपला. गावात उळ्यांचं नुकसान. मॉडेलवाल्या पोरांचा मेसेज: मॅडम पाऊस २९० चा वाढवायचा का? दुसरीचा लगेच रिप्लाय, पाऊस नको वाढवू, क्षेत्र कमी कर, रोपंच गेली. बरोबर तीच. जमिनीत थोडी ओल आली, एखादी पाळी वाचेल, पण लावायला रोप नाही.

काल कॉलेजात सादरीकरण झालं. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, मॉडेल व्हॅलिडेट केलं का, म्हणजे प्रत्यक्षाशी ताडून बघितलं का? पोरांनी परसवाली गोष्ट सांगितली. त्यांना आवडली, मार्क मात्र आकृतीच्या सुबकपणावर गेले असा माझा संशय आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून 'गावाला पाणी का कमी पडतं' याचं चित्र काढून घेतलं होतं, तेच परत काढायला सांगितलं. जुलैत बहुतेकांचं पाऊस, विहीर, टंचाई असं एका रेषेत. आता भाव आहे, उळं आहे, शेततळं आहे, आणि बाण फिरून मागे येतात. दोघा-तिघांचं चित्र इतकं गच्च झालंय की त्यातून काय करायचं तेच दिसत नाही. हा पण एक आजारच, सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे म्हणायचं आणि हात वर करायचे. त्यांना सांगितलं, यातले तीनच बाण ठेवा आणि का ठेवले ते लिहा.

९ डिसेंबर

कांदा निर्यातबंदी, ३१ मार्चपर्यंत. लाल कांद्याचे लिलाव कोसळले. काकांचा फोन: तुमच्या त्या पेपरात भाव निम्मा करा आणि सांगा किती लावू. पोराने सांगितलं, काका, हे पाणी किती आहे ते सांगतं, किती लावायचं ते नाही सांगत. काका म्हणाले, मग पाणीच सांग. त्याने भिंतीवरचे आकडे टाकून सांगितलं की या हिशोबाने फेब्रुवारीच्या शेवटाला तुमच्या विहिरीला एक परस राहील. काकांचा तीन एकरांचा विचार होता, त्यांनी दीड लावला आणि उरलेल्यात चाऱ्याची ज्वारी टाकली. भावामुळे की पाण्यामुळे, ते त्यांनाच माहीत. आमच्या मॉडेलचा प्रभाव म्हणून हे कुठे लिहायचं नाही असं पोरांना बजावलंय.

२७ जानेवारी २०२४

काल ग्रामसभा. टँकरचा ठराव, घरकुलाची यादी, त्यात आम्हाला दहा मिनिटं मिळाली. भिंतीवरचे आकडे वाचून दाखवले. बारापैकी दोन विहिरींचे आकडे कुणीतरी खोडून वाढवलेत हे लोकांच्याच लक्षात आलं आणि त्यावरच पाच मिनिटं गेली. मग एका ताईंनी विचारलं की पिण्याच्या विहिरीशेजारची मोटर मार्चपासून बंद ठेवायची की नाही ते तेवढं आज बोला. बोलले. ठरलं नाही, पुढच्या मासिक सभेला ठेवलंय.

तरुण मंडळींना एक्सेल मोबाइलवर हवंय, साध्या रूपात: पाऊस टाकायचा, पट्टा टाकायचा, परस यायला पाहिजेत. दोन विद्यार्थी सेमिस्टर संपलं तरी करतायत, मार्क नाहीत त्याला.

पुढच्या बॅचसाठी: चारा सुरुवातीलाच धरायचा. बायकांची बैठक पहिली घ्यायची, देवळातली नंतर. इलेक्टिव्ह जुलैत सुरू होत असलं तरी विहिरींची मापं मेअखेरीला, पावसाच्या आधी, घेऊन ठेवावी लागतील, त्यासाठी परीक्षा संपलेल्या पोरांपैकी कोण येतंय ते विचारायचं. बारा विहिरींपैकी त्या दोन बदलायच्या की तशाच ठेवून शेजारी आपलं माप लिहायचं, हे गावातल्या मोजणाऱ्या पोरांवर सोडलंय.